एकाच खताचे दोन आकडे: नगरपरिषदेच्या कंपोस्टमधलं क्रोमियम

(गाव, माणसं आणि प्रयोगशाळा ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे पूर्णांकात आणले आहेत. सल्लागार रसायनतज्ज्ञ म्हणून मी या प्रकरणात होतो.)

पार्श्वभूमी

दख्खनच्या पठारावरची एक मध्यम नगरपरिषद. घंटागाड्या ओला आणि सुका कचरा वेगवेगळा गोळा करतात, निदान कागदावर तरी. ओला कचरा गावाबाहेरच्या प्रकल्पावर जातो. तिथे त्याच्या लांब राशी लावतात, जेसीबीने अधूनमधून उलटतात आणि महिना-सव्वा महिन्यात तो काळा, भुसभुशीत झाला की फिरत्या चाळणीतून काढून पोत्यांत भरतात. प्रकल्प ठेकेदार चालवतो. ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या राज्याच्या ब्रँडखाली हे खत विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी दिलेल्या निकषांत ते बसावं लागतं. जड धातूंच्या मर्यादा त्यातच आहेत: शिसं १००, निकेल ५०, कॅडमियम ५, पारा ०.१५ आणि क्रोमियम ५० मिलिग्रॅम प्रति किलो. २०१६ च्या घनकचरा नियमांतही क्रोमियमचा आकडा हाच होता.

हा ५० चा आकडा एकूण क्रोमियमचा आहे, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून निघाला. क्रोमियम निसर्गात बहुतेक त्रिसंयुजी रूपात असतं. ते मातीत घट्ट बसलेलं, पाण्यात फारसं न विरघळणारं. षट्‌संयुजी क्रोमियमचा स्वभाव उलटा: ते पाण्याबरोबर वाहतं, पेशीत शिरतं आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. त्रिसंयुजी तिसऱ्या गटात, म्हणजे तसा ठपका ठेवता येईल एवढा पुरावा नसलेल्यांत. कायद्याने मोजायला सांगितलंय ते दोन्हींचं मिळून वजन. लोक घाबरतात ते षट्‌संयुजीला.

अडचण

एका द्राक्ष बागायतदाराने फळछाटणीआधी बागेत घालायला खताची मोठी मागणी नोंदवली होती. निर्यातीची बाग असल्याने पाणी, माती, पानदेठ या सगळ्याच्या तपासण्या करून घ्यायची त्याला सवय. पहिल्या गाडीतल्या एका पोत्यातलं खत त्याने स्वतःच एका खासगी प्रयोगशाळेला दिलं. अहवालात क्रोमियम ९७ आलं.

नगरपरिषदेकडे त्याच महिन्याचा दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल होता. त्यात ३१. दोन्ही प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकित, दोन्ही कागदांवर सही-शिक्का. बागायतदार आरोग्य निरीक्षकांच्या टेबलावर अहवाल ठेवून म्हणाला, “साहेब, तुमचं खत पास का नापास, एवढंच सांगा. बाकी रसायनशास्त्र मला नको.”

त्या दिवशी याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तोवर गावात ‘नगरपालिकेच्या खतात विष’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर फिरायला लागली होती.

बैठकीत कुठले पर्याय होते

मुख्याधिकारी, आरोग्य निरीक्षक, ठेकेदार आणि मी बसलो. चार वाटा पुढे आल्या.

पहिली वाट ठेकेदाराची: आपल्याकडे ३१ चा अहवाल आहे, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे, विषय संपला. कायदेशीर कागद म्हणून हे चुकीचं नव्हतं. पण ३१ चा नमुना कुठल्या राशीचा, कुणी काढला, कसा काढला, याची नोंद कुठेच नव्हती. एकाने पोत्याच्या तोंडातून किलोभर खत प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिलं होतं, इतकंच समजलं.

दुसरी वाट मिसळणीची. शेजारच्या गोठ्यांतलं शेणखत स्वस्तात मिळत होतं. निम्मं निम्मं मिसळलं की आकडा आपोआप पन्नाशीच्या आत. हे सुचवणारा माणूस लबाड नव्हता, त्याला खरंच तो उपाय वाटत होता. मी विरोध केला, कारण तोवर क्रोमियम कुठून येतंय हेच माहीत नव्हतं. एखाद्या कारखान्याचा गाळ त्यात येत असेल तर मिसळणीने तो झाकला गेला असता आणि पुढच्या खेपेला दुप्पट आला असता.

तिसरी वाट सगळ्यांत मोहाची होती. षट्‌संयुजी क्रोमियमची तपासणी करायची, ‘आढळले नाही’ असा अहवाल घ्यायचा आणि पत्रक काढायचं: विषारी क्रोमियम शून्य. कंपोस्टमध्ये हा अहवाल जवळपास हमखास तसाच येतो. का येतो ते पुढे सांगतो.

चौथी: विक्री थांबवायची, राशींना क्रमांक द्यायचे, नीट नमुना काढायचा आणि आधी आकडा कुठून येतोय हे शोधायचं. मुख्याधिकाऱ्यांनी ही निवडली. त्यांचं कारण प्रशासकीय होतं. दोन अहवालांपैकी सोयीचा निवडला असं उद्या कुणी माहिती अधिकारात विचारलं तर काय सांगायचं? कारण कुठलंही असो, निर्णय योग्य होता.

नमुन्यापासून सुरुवात

रास म्हणजे एकसारखा पदार्थ नव्हे. त्यात केळीची साल आहे, अंड्याचं टरफल आहे, रस्त्याची धूळ आहे, कुणाची तुटलेली चप्पल आहे. म्हणून प्रत्येक राशीच्या लांबीत वेगवेगळ्या जागी, पृष्ठभाग खरवडून आतून, खत काढलं. सगळं ताडपत्रीवर एकत्र करून चपटा ढीग केला, त्याचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले दोन पुन्हा मिसळले. दोन किलो उरेपर्यंत हेच. कामगारांना हा पोरखेळ वाटला. त्यातला एक म्हणाला, “सगळं एकच तर हाय, इथनं घ्या की.”

मग नमुना चार मिलिमीटरच्या चाळणीतून काढला, वाळवला आणि इथे एक निर्णय घेतला, तो पुढे फार उपयोगी पडला. नमुन्याचे दोन संच केले. एक न दळलेला: प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या यंत्रात दळावा. दुसरा आम्हीच चिनी मातीच्या खलात कुटून, बारीक चाळून दिला. दोन्ही संच तीन ठिकाणी गेले: ३१ देणारी पहिली प्रयोगशाळा, ९७ देणारी दुसरी आणि एक तिसरी, जिला आधीच्या वादाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. सोबत कोरी चाचणी (नमुन्याशिवाय केलेली) आणि ज्ञात क्रोमियम घातलेला एक नमुनाही दिला.

निकाल असे आले. पहिल्या प्रयोगशाळेकडे न दळलेल्या नमुन्यात ४०, आम्ही कुटलेल्यात ४१. दुसरीकडे ७९ आणि ६८. तिसरीकडे दोन्हींत ६६.

आकडे असे का आले

दुसऱ्या प्रयोगशाळेचं कोडं आधी सुटलं. नमुना त्यांनी दळला की आकडा ११ ने वाढतो, आम्ही कुटून दिला की वाढत नाही. त्यांचं दळण्याचं यंत्र स्टेनलेस स्टीलच्या पात्याचं होतं. नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. कंपोस्टमधली वाळू पात्याला घासते आणि पातं नमुन्यात उतरतं. पुरावा निकेलमध्ये होता: त्यांच्या दळलेल्या नमुन्यात निकेलही ५ ने वाढलेलं, म्हणजे ११ ला जवळपास त्याच १८:८ च्या प्रमाणात. इतका स्वच्छ पुरावा प्रयोगशाळेच्या कामात क्वचित मिळतो.

त्यांचं मोजणीचं यंत्र आयसीपी-एमएस होतं, म्हणजे अणूंच्या वस्तुमानावरून धातू ओळखून मोजणारं. कंपोस्टसारख्या सेंद्रिय पदार्थात त्याचीही एक खोड आहे. क्रोमियम मोजतात ते ५२ वस्तुमानावर, आणि यंत्रातला आर्गॉन व नमुन्यात उरलेला कार्बन एकत्र आले की तेही बरोबर ५२ भरतात. सेंद्रिय भाग पुरता जळाला नसेल तर यंत्र कार्बनला क्रोमियम समजतं. हीलियम वायूचा कक्ष वापरला की हा घोटाळा बराचसा निवळतो. चौकशी केली, ते तो वापरत होते.

पहिल्या प्रयोगशाळेचं कोडं अवघड होतं, कारण कमी आकड्यावर कुणी संशय घेत नाही. त्यांनी खत नियंत्रण आदेशात दिलेलीच रीत वापरली होती: नायट्रिक, सल्फ्युरिक आणि परक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात नमुना तापवून विरघळवायचा, मग ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्राच्या (धातूने किती प्रकाश शोषला ते पाहणाऱ्या) ज्योतीत ३५७.९ नॅनोमीटरला मोजायचं. क्रोमियम हरवण्याच्या यात दोन जागा आहेत. परक्लोरिक आम्ल तापलं की त्रिसंयुजी क्रोमियमचं षट्‌संयुजी करतं, आणि नमुन्यात मीठ असेल तर क्रोमिल क्लोराइड नावाची वाफ होऊन क्रोमियम धुराड्यातून निघून जातं. शहरी कंपोस्टमध्ये खरकटं असतं, म्हणजे मीठ असतंच. दुसरी जागा ज्योत. हवा-ॲसिटिलीनच्या ज्योतीत नमुन्यातलं लोह क्रोमियमचा संकेत दाबतं.

कुठल्या जागी हरवतंय ते कळायला तिथल्या विश्लेषक मॅडमनी दोन वेळा ज्ञात क्रोमियम घातलं: एकदा आम्लात विरघळवण्याआधी, एकदा विरघळवून झाल्यावर, थेट द्रावणात. आधी घातलेल्यातलं ५८ टक्के परत मिळालं, नंतर घातलेल्यातलं ६२ टक्के. धुराड्यातून थोडंच जात होतं. बाकीचं ज्योतीत दबत होतं. द्रावणात २ टक्के अमोनियम क्लोराइड घालून तेच पुन्हा मोजलं, तेव्हा नंतर घातलेलं ९४ टक्के परत आलं आणि नमुन्याचा आकडा ४१ वरून ६३ वर गेला. नायट्रस ऑक्साइडची ज्योत वापरली असती तरी चाललं असतं. ती त्यांच्याकडे नव्हती.

ज्योतीत अडथळा आणण्याइतकं लोह कंपोस्टमध्ये आलं कुठून, हा प्रश्न मॅडमनीच विचारला. पुढची सगळी दिशा त्यातून मिळाली.

तर नमुन्याचा विश्वासार्ह आकडा ६३ ते ६८ च्या दरम्यान. खत नापास. जुना ३१ चा अहवाल उलट हिशेबाने पाहिला तर तोही ५० च्या आसपास जातो. तशी दुरुस्ती अहवालात करता येत नाही, पण तेव्हाचा ‘पास’ही भरवशाचा नव्हता एवढं कळतं.

बागायतदाराच्या पोत्यातल्या ९७ चा पूर्ण हिशेब मात्र लागला नाही, अर्धाच लागला. त्या पोत्यातलं उरलेलं खत मागवून त्याचे अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमचे बरेच भाग तिसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. बहुतेक ६० ते ७५ मध्ये, आणि एक थेट १३० च्या वर. ज्या चिमटीतून हा भाग घेतला होता ती भिंगाखाली पाहिली, तर निळसर राखाडी तंतू दिसले. क्रोमने कमावलेलं कातडं. अशा कातड्यात वजनाच्या दोन ते चार टक्के क्रोमियम असतं. अडीच टक्के धरा: एक मिलिग्रॅम कातड्यात २५ मायक्रोग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या चाचणीत एवढी एक कणी पडली की आकडा एकदम ५० ने चढतो. पोतंभर खताचा निकाल एका तंतूवर! कातडं चिवट असल्याने मातीसारखं एकजीव दळलंही जात नाही.

क्रोमियम कुठून येत होतं

कातडं हा एक धागा. पण बाकीच्या नमुन्यांत ६६ सलग येत होतं, ते कातड्याने होत नाही. कण असते तर आकडे उड्या मारत आले असते. सलग येणारं क्रोमियम सगळीकडे पसरलेल्या कशात तरी असणार.

मफल भट्टीत नमुना जाळून राख मोजली: ६० टक्के. म्हणजे खत म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात सेंद्रिय भाग फक्त ४० टक्के, बाकी माती-खडी. मग प्रकल्पावर जाऊन कामाची रीत पाहिली आणि सगळं समोर दिसलं. राशी मुरमाच्या उघड्या जमिनीवर. जेसीबी उलटणी करताना प्रत्येक वेळी दातांनी खालचा मुरूम ओरबाडून राशीत ढकलतो. शिवाय रस्त्याची झाडलोट आणि नाल्यांचा गाळ, टाकायला दुसरी जागा नाही म्हणून, ओल्या कचऱ्याच्या राशींवरच रिकामा होत होता.

मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाण, बेसाल्ट. बेसाल्टमध्ये क्रोमियम मुळातच असतं, किलोला शंभर-दोनशे मिलिग्रॅमच्या घरात, आणि लोहही भरपूर. प्रकल्पावरच्या मुरमात १०५ आलं, झाडलोटीत ९५. फक्त घरगुती ओल्या कचऱ्याचं पिंपात वेगळं केलेलं खत १४ वर थांबलं. हिशेब साधा: ६० टक्के माती, तिच्यात शंभरच्या आसपास, म्हणजे ६०. उरलेल्या ४० टक्क्यांत दहा-पंधरा धरले तर ४ ते ६. मिळून ६४-६६. मोजलेला आकडा ६६. कुठल्याही गुप्त कारखान्याची गरज उरली नाही.

कंपोस्ट होताना सेंद्रिय भागाचा मोठा वाटा वायू होऊन उडून जातो, धातू मागे राहतात. त्यामुळे ओल्या कचऱ्यात बिनधोक वाटणारी माती तयार खतात घट्ट होऊन बसते. हे प्रकल्पाचा आराखडा करणाऱ्यांना माहीत असतं. तळ काँक्रीटचा करायचा खर्च आला की विसरलं जातं.

बागायतदाराला हे सांगितलं, तेव्हा त्याने आपल्या बागेच्या मातीचा अहवाल काढला. काळी कसदार जमीन, क्रोमियम ११०. “मग माझी जमीनच नापास?” त्याने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. खताची मर्यादा जमिनीला लावत नाहीत. दगडाच्या स्फटिकात अडकलेलं क्रोमियम पिकाला जवळजवळ मिळतच नाही. एकरी पाच टन कोरडं खत घातलं तर ६५ च्या हिशेबाने सव्वातीनशे ग्रॅम क्रोमियम जातं. त्याच एकराच्या वरच्या वीतभर मातीत, साधारण नऊशे टनांत, आधीच शंभर किलोच्या आसपास आहे. शेतीच्या दृष्टीने मुरमाचं क्रोमियम हा मोठा धोका नव्हता. कायद्याच्या दृष्टीने खत नापासच होतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि बैठकीत सर्वांत जास्त वेळ हे पटवण्यात गेला.

दुसरे देश इथे वेगळ्या वाटेने गेले आहेत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमात सेंद्रिय खतासाठी षट्‌संयुजी क्रोमियमची २ मिलिग्रॅम प्रति किलो मर्यादा आहे. अमेरिकेने सांडपाण्याच्या गाळखताच्या नियमातून क्रोमियमची मर्यादा न्यायालयीन निकालानंतर १९९५ मध्ये काढून टाकली. बेसाल्टच्या प्रदेशात एकूण क्रोमियमची ५० ची अट जाचक आहे असं माझं मत आहे. पण एक फायदा मान्य करावा लागतो: खत म्हणून माती विकण्याला ती आडून का होईना चाप लावते.

विषारी रूप मोजायचा प्रयत्न

तिसरी वाट सोडली होती, तरी षट्‌संयुजी क्रोमियम मोजलं. पत्रकासाठी नव्हे, कातड्याच्या तुकड्यांचं पुढे काय होतं ते कळावं म्हणून. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ३०६० ए ही रीत वापरली. यात नमुना वाळवत नाहीत. तो सोडियम कार्बोनेट आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ९० ते ९५ अंशांवर तासभर ठेवतात. आम्लात केलं तर मोजायच्या आधीच एक रूप दुसऱ्यात बदलतं. मग डायफेनिलकार्बाझाइड घालायचं. षट्‌संयुजी असेल तर जांभळट गुलाबी रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरला मोजायचा.

कंपोस्टमध्ये ही रीत दोन ठिकाणी अडते. अल्कलीत ह्युमिक आम्लं (कुजलेल्या सेंद्रिय भागातली काळपट आम्लं) विरघळून द्रावण कोऱ्या चहासारखं होतं, त्यात गुलाबी छटा शोधणं कठीण. आणि रंग येण्यासाठी द्रावण आम्ल करावंच लागतं. तसं केलं की तोच सेंद्रिय भाग षट्‌संयुजीचं त्रिसंयुजी करून टाकतो. अहवाल आला ‘आढळले नाही’. पण सोबत घातलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटपैकी जेमतेम १५ टक्केच परत मिळालं होतं. मुद्दाम घातलेलंही ज्या चाचणीला नीट सापडत नाही, तिच्या ‘आढळले नाही’ वर पोत्यावर छापण्याजोगं काही नाही.

तरी ती चाचणी फुकट गेली नाही. हे खत षट्‌संयुजी क्रोमियम खाऊन टाकतं, हे तिच्यातून कळलं. ओलसर, सेंद्रिय भागाने भरलेल्या राशीत ते रूप फार काळ तगत नाही. धोका उलट बाजूला होता. क्रोमने कमावलेलं कातडं हवेत जाळलं आणि राख अल्कलीयुक्त असली की त्रिसंयुजीचं षट्‌संयुजी होतं. आणि कातड्याचे तुकडे वेगळे काढा म्हटल्यावर मुकादमाचा पहिला उद्गार होता, “पेटवून देऊ, राख उरंल फकस्त.” त्याला थांबवणं हे या प्रकरणातलं आरोग्याच्या दृष्टीने बहुधा सर्वांत मोलाचं काम झालं असेल.

काय केलं, काय झालं

कातड्याचा माग एका गल्लीत लागला. तिथे पर्स, पट्टे आणि चपला शिवणारी दुकानं आहेत. कात्रणं ओल्या कचऱ्याच्या डब्यात जात होती. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात, त्यात क्रोमियम नसतं. पण दुकानात येणारं बहुतेक कातडं बाजारातलं, क्रोमचं. दुकानदारांशी भांडण न करता त्यांना वेगळी गोणी दिली आणि ती सुक्या कचऱ्याच्या गाडीत घ्यायचं ठरलं. गोणी कधी भरलेली मिळते, कधी नाही.

झाडलोट आणि गाळ राशींपासून तोडला. काँक्रीटच्या तळाला मंजुरी यायला वेळ होता, तोवर जेसीबीचं बकेट जमिनीपासून वर ठेवायचं आणि राशीचा तळाचा थर पुढच्या राशीखाली तसाच राहू द्यायचा, एवढीच सूचना दिली. पहिल्या सुधारित राशींत ४४, ३९ आणि ४७ आलं. ठेकेदार खूश. पण ४७ देणाऱ्या मोजणीची अनिश्चितता ६ होती, म्हणजे खरा आकडा ४१ ते ५३ मध्ये कुठेही. पास म्हणायचं का? प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार पास-नापास लिहिताना हा निर्णय कुठल्या नियमाने घेतला ते प्रयोगशाळेला ठरवावं लागतं. नगरपरिषदेने अनिश्चितता धरूनही ५० च्या आत असेल तरच विक्री, असं ठरवलं आणि ती रास पुन्हा चाळायला पाठवली. तळ काँक्रीटचा झाल्यावर आकडे पस्तिशीच्या आसपास स्थिरावले.

जुन्या नापास राशींचं काय करायचं, याचं उत्तर २०१६ च्या नियमांतच होतं: मर्यादेबाहेरचं कंपोस्ट अन्नपिकांना वापरायचं नाही, इतर कामाला चालतं. ते रस्त्याकडेच्या झाडांना आणि दुभाजकांना गेलं. ज्या राशीत कातडं सापडलं ती वेगळी काढून शास्त्रीय भरावात टाकली. बागायतदाराने त्या हंगामात शेणखत घेतलं. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा विचारणा केली, स्वतःच्या तपासणीच्या अटीवर.

प्रयोगशाळेच्या कंत्राटातही बदल झाला. आता अहवालासोबत मागतात: नमुना कशाने दळला, कुठल्या आम्लात विरघळवला, ज्ञात क्रोमियम किती टक्के परत मिळालं, प्रमाणित संदर्भ नमुन्याचा आकडा काय आला आणि निकाल कोरड्या वजनावर आहे का. शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण २० टक्के ओलावा असलेल्या खतात कोरड्या हिशेबाचे ५० ओल्या हिशेबाने ४० दिसतात. चाचणीसाठी अर्ध्या ग्रॅमऐवजी मोठा भाग घ्यायचा आणि किमान दोनदा करायचं, हेही लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

राखेची चाचणी सर्वांत आधी करायला हवी होती. मफल भट्टी कुठल्याही कृषी महाविद्यालयात असते आणि ६० टक्के राख दिसताच मातीकडे बोट गेलं असतं. तीन प्रयोगशाळांची तुलना तरी लागलीच असती, पण प्रकल्पावरची दुरुस्ती काही आठवडे आधी सुरू झाली असती.

बागायतदाराला पहिल्याच दिवशी लेखी कळवायला हवं होतं की विक्री थांबवली आहे आणि तपास चालू आहे. त्याला ते तोंडी, तेही ठेकेदाराच्या माणसाकडून कळलं. व्हॉट्सॲपवरच्या बातमीला मधल्या काळात मोकळं रान मिळालं.

कातड्याच्या बाबतीत शोध एका गल्लीवर थांबला. गावात इतरत्र चपला फेकल्या जातात, त्या चाळणीतून निसटून येतच असणार. राशीच्या आधी हाताने निवडायचा पट्टा बसवायचा प्रस्ताव आहे, निधी नाही.

आणि एक गोष्ट आता दुरुस्त होण्याजोगी नाही. आधीच्या दोन वर्षांत विकलेल्या खताचे नमुने कुणी ठेवले नव्हते. त्या काळातले सगळे अहवाल ज्योतीत दबलेल्या आकड्यांचे, त्यामुळे कुणाच्या शेतात किती गेलं ते सांगता येत नाही. आता प्रत्येक राशीच्या दोन मोहोरबंद बाटल्या ठेवतात, एक नगरपरिषदेत आणि एक प्रकल्पावर. त्या किती वर्षं ठेवायच्या यावर अजून एकमत नाही: ठेकेदार एक म्हणतो, आरोग्य निरीक्षक तीन.